चुलीतला च

परवा पुन्हा तेच झालं. माझे धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, जपानहून परत आले म्हणून चार पाहुणे घरी आले होते. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हिलासुद्धा जपानी अक्षरं येतात बरं. आमच्या धाकट्यानं शिकवली. चौथी पास आहे, पण शिकली बिचारी." भावजी नुसते हसले. नाही म्हणाले नाहीत.

मी सहसा अशा वेळी आत निघून जाते. परवा गेले नाही. एक वाक्य बोलले. ते वाक्य ऐकून कोणाला काही कळलं नाही आणि नंतर सासूबाईंनी मला विचारलं की तुझं डोकं ठिकाणावर आहे ना. आहे. ते का बोलले हे मात्र तोंडानं सांगायला मला जमणार नाही, म्हणून ही वही घेतली आहे. वहीत मधेच कोणी बोलत नाही.

सुरुवात शाळेपासून करावी लागेल.

मी उज्जैनच्या सरकारी हिंदी शाळेत चौथीपर्यंत शिकले. दारात हिंदी आणि चुलीपाशी मराठी, आमच्या मोहल्ल्यातली सगळी मराठी मुलं अशीच वाढली. आता, मराठीत च दोन आहेत. चिमणीतला एक आणि चुलीतला दुसरा. लिहायला सारखे, बोलायला वेगळे. चुलीतला च बोलताना जीभ दातांच्या मागे टेकते आणि त आणि स एकदम सुटल्यासारखे होतात. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आई बोलायची, मी बोलायचे. हिंदीत मात्र एकच च आहे, चिमणीतला.

तिसरीत मास्साबांनी, म्हणजे आमच्या मास्तरांनी, फळ्यावर चित्रं काढून नावं विचारली. माझ्या वाट्याला चूल्हा आला. मी उभी राहिले आणि चूल्हा म्हणाले, पण च आईचा लागला. मास्साब थांबले. म्हणाले, "फिर से बोल." मी पुन्हा बोलले, पुन्हा तसाच. ते वर्गाकडे वळून म्हणाले, "देखो, महारानी के दाँतों में छेद है, हवा निकल रही है." वर्ग हसला. मास्साबांनी मला तो शब्द किती वेळा बोलायला लावला ते मी मोजलं नाही. जितका प्रयत्न करावा तितका तोच च बाहेर यायचा. त्या दिवसापासून माझं नाव त्सु-त्सु पडलं. पाण्याच्या माठापाशी त्सु-त्सु, घरी जाताना मागून त्सु-त्सु. माझ्याच वर्गातली दोन मराठी मुलंही तसंच म्हणायची, आणि ती तर घरी माझ्यासारखंच बोलत असणार.

मी वर्गात बोलणं बंद केलं. मग वर्गाबाहेरही. लोक म्हणतात मी जन्माची लाजाळू आहे. मी लाजाळू जन्मले नव्हते. मला बनवलं आहे.

चौथी झाली तेव्हा माझा नंबर दुसरा होता, न बोलता. पाचवीची शाळा लांब होती, आई आजारी होती आणि धाकटा भाऊ तीन महिन्यांचा होता. वडील म्हणाले, लिहितावाचता येतं, पुरे झालं. पुरे कोणाला झालं, हे त्यांनी मला विचारलं नाही. मी त्या पाचवीच्या वर्गाच्या दारापर्यंत कधी गेले नाही. पुढे मराठी वाचनालयातून येणारी मासिकं वाचून वाचून मी मराठी लिहायला शिकले, पण ते एकटीनं. वर्गात बसण्याची भूक त्यानं गेली नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. मला वर्गात बसायचं होतं, एवढंच.

लग्न होऊन उज्जैनच्याच माधवनगरात आले. हे रेल्वेत नोकरीला, सासूबाई, आणि भावजी. भावजींचा डिप्लोमा झाला होता. त्या काळात रोज काही ना काही नवं यायचं. गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ आलं, शेजाऱ्यांकडे केबल आली, आणि पीथमपूरला बाहेरच्या देशांच्या भागीदारीतले कारखाने आले. त्यातल्या एका कारखान्यात जपानी साहेब होते. भावजींना कोणीतरी सांगितलं की ज्यांना जपानी लिहिता-वाचता येईल त्यांना आधी घेतात आणि ट्रेनिंगला जपानला पाठवतात. मग शोधाशोध झाली. फ्रीगंजमध्ये घड्याळाच्या टावरपासून जवळच एक मराठी बाई राहत होत्या. त्यांच्या यजमानांच्या नोकरीमुळे त्या बरीच वर्षं जपानमध्ये राहून आलेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता त्या घराच्या वरच्या खोलीत आठ-नऊ जणांना शिकवायच्या. भावजी जायला लागले.

महिना झाला तरी भावजींना अक्षरं लक्षात राहिनात. त्यांनी जुन्या लग्नपत्रिका कापून शेहेचाळीस पत्ते केले. पुढे जपानी अक्षर, मागे इंग्रजीत उच्चार. दुपारचं जेवण झालं की मला समोर बसवायचे. मी पत्ता दाखवायचा, त्यांनी उच्चार सांगायचा, मी मागे बघून बरोबर की चूक ते सांगायचं.

आता मला इंग्रजी मोठी अक्षरं येत होती, तीही सगळी नाही. भावजींनी लिहिलं होतं बारीक, मोडून. पहिल्या पत्त्यालाच मला मागचं काही वाचता आलं नाही. तसं सांगायला तोंड उघडेना. मग मी म्हटलं, बरोबर. दुसऱ्यालाही बरोबर. दोन दिवस मी सगळ्यालाच बरोबर म्हणत होते आणि भावजी खूश होते. शुक्रवारी ते वर्गातून आले ते तणतणत.

"वहिनी, तुम्ही काय केलंत? एकवीस चुका. बाई म्हणाल्या, घरी कोण घेतं तुमचा अभ्यास?"

मग सांगावंच लागलं. ते आधी पाहत राहिले आणि मग पोट धरून हसले. यांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. घरात आठ दिवस तो विनोद चालला. भाजीत मीठ कमी असलं तरी हे म्हणायचे, "बरोबर."

माझी चूक होती. मी कबूल करते. पण त्या चुकीनंच पुढचं झालं. भावजी म्हणाले, मी उच्चार सांगतो, तुम्ही मागे तुमच्या अक्षरात लिहून घ्या. आणि ते बाईंच्या कागदावरच्या क्रमानं सांगू लागले. अ, इ, उ, ए, ओ. मी लिहिलं. का, कि, कु, के, को. लिहिलं. मग स, मग त, मग न. तिथं माझा हात थांबला.

मी म्हटलं, "भावजी, ही बाराखडी आहे."

"वहिनी, हे जपानी आहे."

"हो, पण बाराखडी आहे. बघा ना, मात्रा तेवढ्या कमी आहेत."

"उद्या म्हणाल जपानचा राजा आपल्या दौलतगंजातला," ते म्हणाले. "लिहा तुम्ही."

मी लिहिलं. ते कामाला बाहेर गेल्यावर सगळे पत्ते फरशीवर मांडले. आडव्या ओळीत क, त्याच्याखाली स, त, न, ह, म, य, र, व. शाळेत फळ्याशेजारी जो तक्ता टांगलेला असायचा तसाच तो दिसायला लागला. च-वर्गाच्या जागी स, प-वर्गाच्या जागी ह, आणि शेवटी य, र, व आपल्यासारखेच. ल नव्हता. ळही नव्हता. त्याचं मला वाईट वाटलं नाही. शाळेच्या हिंदीतही ळ नव्हता, त्याच्याशिवाय राहायची मला सवय होती. पुढे बाईंनी सांगितलं की हा क्रम खरोखरच आपल्याकडून, भिक्षूंच्या पोथ्यांबरोबर, तिकडे गेलेला आहे. पण त्या दुपारी मला ते माहीत नव्हतं. त्या दुपारी मला एवढंच दिसलं की डिप्लोमावाल्याला महिनाभर जे दिसलं नाही ते मला दिसलं. ते इंग्रजीतून शिकत होते. मी बाराखडीतून.

आठ दिवसांत भावजींची हिरागाना पाठ झाली. त्या पहिल्या लिपीचं नाव हिरागाना. मीच पाठ करून घेतली, बाराखडीच्या चालीवर म्हणवून घेऊन. आणि त्यांना देता देता मला आली. हे ऑफिसातून कोऱ्या पाठीचे जुने फॉर्म आणायचे, त्यांच्या मागे मी लिहायचे. प्रत्येक अक्षराची रेघ कुठून सुरू करायची, कुठे उचलायची ते ठरलेलं असतं. हात सवयीचा झाला की अक्षर आपोआप उतरतं. स आणि चि या दोन अक्षरांत भावजी शेवटपर्यंत घोटाळा करायचे, कारण एक म्हणजे दुसऱ्याचं उलटं, आरशात बघितल्यासारखं. माझं माहेर भैरवगढकडचं. तिथल्या कापडाच्या छापखान्यांत लाकडाचे ठप्पे मी लहानपणापासून बघितलेले. ठप्प्यावर मोराची मान उजवीकडे असेल तर कापडावर ती डावीकडे उमटते. मी मनात धरलं, स हा ठप्पा आणि चि हा छाप. कधी चुकले नाही.

एक अडलं होतं. त च्या ओळीत भावजींनी त, चि, मग काहीतरी विचित्र, मग ते, तो असं सांगितलं होतं. ते मधलं त्यांना नीट बोलता येत नव्हतं. कधी सु म्हणायचे, कधी चु म्हणायचे, कधी टी सायलेंट आहे म्हणायचे. मी पत्त्यामागे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. अक्षर मात्र मला आवडायचं. एकच वळण, आडव्या पडलेल्या चुलीसारखं.

मग बाईंनी त्यांना एक कॅसेट दिली. दुपारी घरात कोणी नव्हतं, मी कणीक मळत होते. कॅसेटमधली जपानी बाई सावकाश एकेक अक्षर म्हणत होती. अ, इ, उ. का, कि, कु. मी तिच्यामागे म्हणत होते. त, चि, आणि मग ती जे म्हणाली त्यानं माझे हात परातीत तसेच राहिले.

ते माझं नाव होतं. माठापाशी हाक मारायचे ते. त्सु.

मी कणकेच्या हातानं टेप मागे घेतला. पुन्हा ऐकलं. चुलीतला चु. माझ्या आईचा, अगदी तोच, काडीमात्र फरक नाही. आणि त्याच ओळीत चिमणीतला चि. म्हणजे त्यांच्याकडेही आपल्यासारखंच, इ आला की चिमणी आणि उ आला की चूल. पुढे ज च्या ओळीतही तेच निघालं, जीवातला जि आणि जुन्यातला जु. हु च्या जागी जे होतं ते फुंकणीतून चूल फुंकल्यासारखं. मला कोणाला काही विचारायची गरज राहिली नाही.

लोकांना वाटेल मला आनंद झाला असेल. मी परातीपाशी बसून रडले आणि ते रागानं. एका मास्तरानं दाताला छेद आहे म्हटलं आणि मी वीस वर्षं तोंड मिटून घेतलं. आणि तिकडे एक सगळा देश तो उच्चार पहिल्या धड्यात शिकतो.

त्यानंतर मी तक्ता केला. जुन्या कॅलेंडरच्या मागे, निळ्या आणि लाल शाईनं, बाराखडीच्या क्रमानं, जपानी अक्षर वर आणि आपलं खाली. त्सु च्या घरात नागरीत काय लिहावं ते ठरेना. चु लिहिलं तर हिंदीवाला चिमणीचा वाचेल. म्हणून चु लिहून शेजारी छोटी चूल काढली, आत दोन लाकडं. चि च्या घरात चिमणी काढली. मला वाटलं, एवढ्यानं कोणालाही कळेल.

भावजींनी तो तक्ता मागितला. दाखवायला नेतो म्हणाले. मी दिला.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा वर्गातला एक मित्र घरी आला. मी पाणी घेऊन गेले तर त्याच्या वहीतून तक्ता डोकावत होता. टावरजवळच्या दुकानात झेरॉक्स काढलेला, काळापांढरा. माझी चूल, माझी चिमणी, आणि खाली कोपऱ्यात भावजींचं नाव. तो म्हणाला, "भाभीजी, भैया ने तो कमाल कर दिया. पूरी क्लास इसी से पढ़ रही है."

तो गेल्यावर मी भावजींना विचारलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मी त्यांना पहिल्यांदा काही विचारत होते. म्हटलं, "भावजी, खाली नाव तुमचं आहे."

"मग काय तुमचं घालू?" ते म्हणाले. चिडून नाही, अगदी प्रेमानं. "वहिनी, लोक हसले असते. म्हणाले असते, चौथी पास भाभी का चार्ट. मी तुम्हाला त्यातून वाचवलं."

त्यांनी मला वाचवलं. हे वाक्य मी इतक्या वेळा मनात घोळलं आहे की आता त्याची धार गेली असेल असं वाटतं, पण नाही गेली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फ्रीगंजमध्ये एका नातेवाईकांकडे गेले होते. मी नेहमीप्रमाणे दाराजवळची जागा धरली. घरची बाई एका वयस्क बाईंना माझी ओळख करून द्यायला लागली, ही अमक्याची भावजय. त्या बाई एकदम माझ्याजवळ येऊन बसल्या.

"म्हणजे तक्तावाली तूच का गं?"

त्या भावजींना शिकवणाऱ्या बाई होत्या.

"तीनदा निरोप पाठवला तुला. म्हटलं, घेऊन या त्यांना वर्गात. तुझे दीर म्हणाले, ती लाजते, नको म्हणते."

मला कोणताही निरोप मिळाला नव्हता. मी मान हलवली, एवढंच. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हळू म्हणाल्या, "चूल म्हण बघू."

आजूबाजूला बायका तिळगूळ देत होत्या, वाण लुटत होत्या. मी म्हटलं. आईच्या चनं.

"हां," त्या म्हणाल्या. "तक्ता मी पाहिला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या दिरांना विचारलं, हे चित्र कशाचं? म्हणाले, चूल्ह्याचं. म्हटलं, मराठीत सांगा. तर चूल म्हणाले ते चिमणीच्या चनं. इथं वाढलेली पोरं, त्यांचा तरी काय दोष. पण म्हटलं, ज्याला चूल म्हणता येत नाही त्यानं इथं चूल काढलेली नाही. तेव्हा म्हणाले, वहिनी थोडी मदत करते." त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "फाल्गुनात मी मुलीकडे नागपूरला जाणार, कायमची. तोवर मंगळवार-शुक्रवार आहेतच. तू ये. मला दिरांचा निरोप नको, तू ये."

घरी येईपर्यंत माझे कान तापले होते. मला लाजाळू बनवलं ते बनवलं, आणि आता माझ्या लाजेचा निरोप परस्पर दिला जात होता. मी बोलत नाही, तर माझ्या वतीनं कोणीही काहीही बोलावं.

जेवायला वाढताना मी यांना सांगितलं की बाईंनी बोलावलं आहे आणि मला वर्गात जायचं आहे. सगळ्यांचे हात थांबले. सासूबाई म्हणाल्या, "दीर आणि भावजय एका सतरंजीवर बसून शिकणार? अख्खं माधवनगर हसेल." सासूबाईंना सही येत नाही, अंगठा लावतात. त्यांच्यावर राग धरू नये असं मला वाटतं, आणि तरी मी धरते. हे म्हणाले, हौस आहे तर घरीच शीक की, कोण नाही म्हणतंय. मग नेहमीप्रमाणे भावजींकडे बघून म्हणाले, "तुझं काय मत?"

भावजी ताटातून वर न बघता म्हणाले, "माझं काही नाही. पण तिथं सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलावं लागतं, वहिनी. बाई उभं करतात. जमेल?"

मी उत्तर दिलं नाही. देता आलं नाही. मी पोळी आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा विषय संपला होता. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी लावून टाकला होता आणि बोलणं भलतीकडेच गेलं होतं. त्या क्षणी मला त्या तिघांपेक्षा माझाच राग जास्त आला.

मंगळवारी भावजी साडेचारला सायकलवर निघाले. मी पावणेपाचला निघाले. पायी. सासूबाईंना म्हटलं, टावरकडे जाऊन येते. त्यांनी भाजीची पिशवी दिली. ती मी तशीच हातात धरून बाईंच्या जिन्यापर्यंत गेले आणि तिथं उभी राहिले. वरून सगळे एकदम म्हणत होते ते ऐकू येत होतं. परत फिरावं असं वाटलं. मग त च्या ओळीचा आवाज आला, आणि सगळे त्सु चुकीचा म्हणत होते. सगळेच्या सगळे, माझ्याच तक्त्यावरून, माझ्या चुलीचा चूल्हा करून. मला इतका राग आला की त्या रागानंच मला जिना चढवला.

वर आठ मुलगे आणि एक मुलगी सतरंजीवर बसले होते. भावजींनी मला पाहिलं आणि वहीत डोकं घातलं. बाई काही विशेष झालं नाही अशा थाटात म्हणाल्या, बस, त्या मुलीशेजारी. मी बसले. भाजीची पिशवी मांडीवर. चौथीनंतर पहिल्यांदा वर्गात बसले ते अशी.

बाईंनी मला पाच मिनिटंही सोडलं नाही. हिंदीत सगळ्यांना म्हणाल्या, ये अक्षर इनके मुँह से सुनो. मला म्हणाल्या, "त ची ओळ."

मी उभी राहिले. खोलीत मला फळा दिसत होता आणि फळ्यासमोर बाई नाही, मास्साब दिसत होते. मी म्हटलं, "त. चि. त्सु. ते. तो."

मागचा एकजण म्हणाला, "मैडम, फिर से. बीच वाला."

फिर से. तेच दोन शब्द. मी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो हसत नव्हता. पेन्सिल धरून थांबला होता. मी पुन्हा म्हटलं. बाईंनी हात वर केला आणि सगळ्यांनी माझ्यामागून म्हटलं, त्सु. पुन्हा, त्सु. नऊ जणांपैकी एक तोंड बंद होतं.

मी अकरा वर्गांना बसले. घरी जे व्हायचं ते झालं. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत, यांनी मधेमधे सुस्कारे सोडले, भावजी दुसऱ्या टोकाला बसायला लागले. मी जात राहिले. दुसरी लिपी मला तिथंच आली, कोनाकोनांची, काताकाना. त्या भाषेत आपली अक्षरं वेगळी आणि बाहेरून आलेल्यांची नावं लिहायची अक्षरं वेगळी. बाई म्हणाल्या, तुझं नाव या दुसऱ्या अक्षरांत लिहायचं. मी लिहिलं. लग्नात बदललेलं नाही, माहेरचं. फाल्गुनात त्या गेल्या. माझा तक्ता त्यांनी मागून नेला, खालचं नाव खोडून.

परीक्षा इंदूरला होती. भावजी गेले, पास झाले. मी जाईन का, असं कोणी विचारलं नाही आणि मीही म्हटलं नाही. अजून मला सगळं बोलता येत नाही. भावजींना त्या कारखान्यानं घेतलं, दोन वर्षांनी जपानला पाठवलं, आणि परवा ते परत आले.

पाहुण्यांसाठी त्यांनी तिकडून आणलेला चहाचा डबा मधे ठेवला होता आणि त्यावरची अक्षरं बोट ठेवून वाचून दाखवत होते. लोक वाहवा करत होते. मी ट्रे घेऊन उभी होते आणि मला डबा दिसत होता. त्यात ते वळण होतं, आडवी पडलेली चूल. भावजींनी ते चु वाचलं. सहा महिने त्या देशात राहून. मग सासूबाईंनी ते वाक्य म्हटलं, आमच्या धाकट्यानं शिकवली, आणि भावजी हसले.

मी ट्रे खाली ठेवला.

"भावजी," मी म्हटलं, "चूल म्हणा."

भावजींचा चेहरा उतरला. ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "काय वहिनी?"

"चूल म्हणा. मराठीत."

त्यांनी म्हटलं. चिमणीच्या चनं. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि पुन्हा म्हटलं, तरी तोच आला. जितका प्रयत्न करावा तितका तोच च येतो, हे मला माहीत आहे. मी हसले नाही. मास्साबांसारखं तिसऱ्यांदा म्हणायला लावलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "आता मधेच चूल कुठून आली गं?"

"काही नाही, आई," मी म्हटलं. "त्यांचं एक अक्षर राहिलंय."